दडपणाची चार घड्याळं : स्पर्धेतल्या चिंतेच्या मोजमापाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

गट ठरले. एकात दहा मीटर एअर रायफलचे नेमबाज, दुसऱ्यात १५०० मीटरचे धावपटू. विरुद्ध टोकं मुद्दाम घेतली. नेमबाजाला स्वतःच्या छातीतला ठोकासुद्धा आड येतो. धावपटूला तोच ठोका चढल्याशिवाय पळता येत नाही. म्हणून ‘चिंता कमी करा’ असा सरसकट सल्ला या प्रकल्पातून तयार होणाऱ्या मार्गदर्शिकेत कुठेही द्यायचा नाही.

मांडणीचा कणा असा: दडपण शरीरावर एकाच वेगानं काम करत नाही. चार घड्याळं धरली आहेत.

पहिलं सेकंदांचं. अनुकंपी, म्हणजे शरीराला सज्ज करणारे, चेतातंतू थेट हृदयाला, घामाच्या ग्रंथींना, डोळ्यांच्या बाहुल्यांना जाऊन भिडतात. दुसरं मिनिटांचं. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. ते दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, पण धास्ती टिकली तर नवं येतच राहतं. तिसरं अर्ध्या तासाचं. मेंदूतला हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी आणि मग अधिवृक्क ग्रंथीचा बाहेरचा थर अशी साखळी चालून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. लाळेत त्याचं शिखर ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी दिसतं. चौथं दिवसांचं आणि आठवड्यांचं: झोप, स्नायूंची भरपाई, जखम भरणं, दुखापतीचा धोका.

चुकीच्या घड्याळावर मोजलं की आकडा बरोबर असूनही अर्थ चुकतो. उपायाचंही तेच. चौथ्या घड्याळावरचा थकवा दोन मिनिटांच्या श्वसनानं जात नाही आणि शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवरची धडधड आठवडाभराच्या विश्रांतीनं थांबत नाही. पुढची प्रत्येक नोंद लिहिताना ‘हे कोणत्या घड्याळावरचं?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

५ जून

शरीरावरची लक्षणं आणि त्यांची कारणं लिहून काढली. खेळाडूला कारण कळलं की लक्षणाची भीती बरीच उतरते. भीतीची भीती हा दडपणाचा मोठा भाग असतो.

घशाला कोरड: लाळ कमी आणि घट्ट होते. शरीरातलं पाणी संपलंय असं नाही. या गैरसमजापायी खेळाडू स्पर्धेआधी पाणी ढोसत राहतात आणि मग दर दहा मिनिटांनी लघवीला पळतात. चूळ भरणं, घोटभर पिणं पुरे.

पोटात गोळा, ऐनवेळी शौचाची घाई: ताणात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, उलट मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. नेहमी तीन तासांत पचणारं जेवण त्या दिवशी तेवढ्यात पचत नाही.

हात गार पडणं: त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. तळहात मात्र घामानं ओले, कारण तिथल्या घामग्रंथी उष्णतेपेक्षा भावनेला जास्त प्रतिसाद देतात. गार आणि ओलं बोट ही नेमबाजाची खरी अडचण. रायफलचा ट्रिगर फार हलका ठेवलेला असतो. दाबाचा पहिला टप्पा कुठे संपला हे बोटाच्या पेरालाच कळायचं असतं. पेर बधिर झालं की गोळी एक तर लवकर सुटते, नाहीतर सुटतच नाही आणि होल्ड, म्हणजे नेम धरून रायफल स्थिर ठेवणं, लांबतो.

थरथर किती महाग पडते त्याचं गणित करून ठेवलं. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ०.५ मिलिमीटर, नऊ गुणांच्या वर्तुळाचा ५.५. म्हणजे एका वर्तुळाची रुंदी २.५ मिलिमीटर. रायफलवरच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधलं (नेम धरायच्या भागांमधलं) अंतर ७० सेंटिमीटर धरलं, तर दहा मीटरवर २.५ मिलिमीटर सरकायला साईटपाशी फक्त ०.१७५ मिलिमीटरची चूक पुरते. कागदाच्या दोन पानांच्या जाडीइतकी. नाडीचा ठोका जॅकेट आणि पट्ट्यातून रायफलला एवढं सहज हलवतो.

धावपटूत हेच वेगळं दिसतं. खांदे कानाकडे चढतात, मुठी आवळल्या जातात, आणि एखादा सांधा वाकवणारे व सरळ करणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. गाडी ब्रेकवर पाय ठेवून चालवावी तसं. वेग तोच, खर्च जास्त.

६ जून

वरच्याच्या आधारासाठी गिर्यारोहण-भिंतीवरचे पायपर्स आणि सहकाऱ्यांचे २००३ चे प्रयोग वाचले. एकसारख्याच पकडींचा मार्ग एकदा जमिनीलगत, एकदा उंचावर. उंचावर चिंता वाढली, हृदयगती वाढली, चढायला वेळ जास्त लागला, स्नायू जास्त दमले. काम तेच असताना केवळ धास्तीची किंमत वेगळी काढून दाखवणारी अशी मांडणी दुर्मीळ आहे.

९ जून

सकाळच्या हृदयगती-बदलाची पद्धत पक्की केली. लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत घ्यायचं, शेजारशेजारच्या अंतरांतले फरक काढायचे, त्यांचे वर्ग करून सरासरी आणि मग वर्गमूळ. या आकड्याला आरएमएसएसडी म्हणतात. परानुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे शरीराच्या विसाव्याच्या बाजूचा, तो बऱ्यापैकी चांगला निदर्शक आहे.

हातानं एक उदाहरण: अंतरं १०००, १०४०, १०१०, १०५०. फरक ४०, उणे ३०, ४०. वर्ग १६००, ९००, १६००. सरासरी सुमारे १३६७, वर्गमूळ ३७ मिलिसेकंद.

नोंद घेण्याचा क्रम: उठल्यावर लघवी करून यायचं. छातीचा पट्टा, त्याचे दोन्ही संवेदक पाण्यानं ओले करून, छातीच्या हाडाखाली घट्ट. पाठीवर पडून किंवा बसून, पण रोज एकाच स्थितीत. पहिलं एक मिनिट टाकून द्यायचं, पुढची पाच मिनिटं नोंदवायची. बोलणं नाही, फोन बघणं नाही, चहा-कॉफी नंतर.

आजच्या तालमीत अपेक्षित तेच घडलं: पट्टा कोरडा, आणि मधला एक ठोका यंत्रानं गाळला. वरच्या उदाहरणात १०४० आणि १०१० च्या जागी एकच २०५० आलं, तर फरक १०५० आणि उणे १००० होतात. तीनशे ठोक्यांच्या नोंदीत अशी एकच गळती ३७ चा आकडा ९० च्या वर नेते. म्हणजे चूक दिसते कशी, तर खेळाडू एकदम निवांत झाल्यासारखी! कमी आकड्याकडे सगळे संशयानं बघतात, अचानक चढलेल्याकडे कोणी बघत नाही. नियम केला: शेजारच्या अंतरांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वेगळं अंतर दिसलं की ते आलेखावर डोळ्यांनी तपासायचं, पाच मिनिटांत तीनपेक्षा जास्त सापडली तर नोंद बाद.

मनगटी घड्याळं या कामाला घेणार नाही. ती प्रकाशानं त्वचेखालचा रक्तप्रवाह वाचतात, आणि घाबरलेल्या खेळाडूचा हात नेमका गार पडलेला असतो. ज्या क्षणी मोजायचं त्याच क्षणी यंत्र कमकुवत.

११ जून

आधाररेषा: सलग १४ सकाळी, मोठ्या स्पर्धेपासून लांबच्या. आरएमएसएसडीचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं. सरासरीच्या अर्धं विचलन खाली-वर हा नेहमीचा पट्टा. समजा सरासरी ३.९० आणि विचलन ०.१६, तर पट्टा ३.८२ ते ३.९८. एका सकाळचा आकडा बाहेर गेला तर काहीच करायचं नाही. सात दिवसांची फिरती सरासरी बाहेर गेली तर खेळाडूशी बोलायचं.

खेळाडूंची आपसात तुलना करायची नाही. एकाचं ३० हे त्याचं उत्तम असू शकतं, दुसऱ्याचं ९० हे त्याचं घसरलेलं. भिंतीवर सगळ्यांचे आकडे एकत्र लावण्याची सूचना आली होती, ती नाकारली. तक्ता लावला की मापनच दडपण बनतं.

स्पर्धेच्या सकाळी आकडा खाली येणारच. तो दिवस आधाररेषेत धरायचा नाही आणि त्या सकाळी खेळाडूला आकडा दाखवायचाही नाही.

१२ जून

लाळेतलं कॉर्टिसॉल. दिवसभर चर्चा, शेवटी नियमित मापनातून वगळलं. पद्धत मात्र नोंदवून ठेवतो, कारण ज्यांना वापरायचं ते इथेच घसरतात.

आधी एक तास खाणं नाही. दात घासणं नाही, कारण हिरड्यांतून आलेलं किंचित रक्तही आकडा फुगवतं. पाण्यानं चूळ भरून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर नमुना पातळ होतो. मान खाली घालून लाळ तोंडात साठू द्यायची आणि नळीत सोडायची, सुमारे १ मिलिलिटर. लिंबू किंवा आंबट गोळी देऊन लाळ सुटायला लावायची नाही. लगेच थंड, मग उणे २० अंशांवर. घशाला कोरड पडलेल्या खेळाडूला १ मिलिलिटर जमवायला बराच वेळ लागतो. कॉर्टिसॉलचं प्रमाण लाळेच्या वेगावर अवलंबून नसतं म्हणून ते चालतं, पण त्याच नमुन्यात लाळेतलं इम्युनोग्लोब्युलिन ए हे रोगप्रतिकारक प्रथिन मोजायचं असेल तर वेळही लिहावी लागते.

वगळण्याची कारणं तीन. सकाळी उठल्यावर ३० ते ४५ मिनिटांनी कॉर्टिसॉलचं नैसर्गिक शिखर असतं आणि संध्याकाळपर्यंत ते बरंच उतरतं. म्हणून सकाळी नऊची स्पर्धा आणि संध्याकाळी पाचची स्पर्धा यांची तुलना होत नाही. दुसरं, जोरकस व्यायामानंही ते वाढतं, मग १५०० मीटरनंतर वाढलेल्यात भीती किती आणि धाव किती, हे वेगळं काढता येत नाही. तिसरं, अहवाल हाती येतो तेव्हा स्पर्धा होऊन गेलेली असते. खेळाडूच्या उपयोगी न पडणाऱ्या आकड्यासाठी त्याला स्पर्धेच्या दिवशी नळीत थुंकायला लावणं योग्य नाही.

१६ जून

प्रश्नावली. स्पर्धेआधीची चिंता मोजणाऱ्या सीएसएआय-२ ची २००३ मधली सुधारित आवृत्ती घेतली: १७ विधानं, शारीरिक चिंतेची ७, मानसिक चिंतेची ५, आत्मविश्वासाची ५. प्रत्येकाला १ ते ४. गटाची बेरीज भागिले विधानांची संख्या, गुणिले १०; म्हणून प्रत्येक गुण १० ते ४० मध्ये येतो.

मराठी करताना दिवस गेला तो एका शब्दावर. मूळ विधानांत ज्या शब्दाचा अर्थ ‘चिंता वाटणं’ही होतो आणि ‘महत्त्व वाटणं’ही, त्याला मराठीत ‘काळजी’ लावला की तोच घोटाळा जसाच्या तसा येतो. निकालाची काळजी वाटणं वेगळं, आणि कामाची काळजी असणं, म्हणजे ते मनापासून करणं, वेगळं. चांगला खेळाडू दुसऱ्या अर्थानं ‘४’ लिहील आणि आपण त्याला घाबरट ठरवू. ‘धास्ती वाटते’ आणि ‘मनात शंका येते’ हे शब्द पसंत केले. एकानं मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं उलट न्यायचं, मग दोन्ही शेजारी ठेवायची. ‘टेन्शन’ शब्द टाळला. तो इतका सैल झालाय की थकव्यापासून भांडणापर्यंत काहीही त्यात बसतं.

प्रत्येक विधानापुढे दुसरा रकाना: हे वाटणं मदत करतं की अडथळा आणतं, उणे ३ ते अधिक ३. हाच रकाना जास्त मोलाचा ठरेल असं वाटतं. धडधड दोघांना सारखीच असते. एक म्हणतो अंग तयार झालंय, दुसरा म्हणतो आता संपलं.

कधी भरायची: एक आठवडा आधी, आदल्या संध्याकाळी, आणि स्पर्धेच्या साधारण एक तास आधी. मानसिक चिंता बरेच दिवस आधीपासून वर असते आणि जवळपास तिथेच राहते. शारीरिक चिंता अगदी शेवटच्या तासांत चढते आणि खेळ सुरू झाला की बहुतेकदा उतरते. फक्त शेवटच्या तासात मोजलं तर आठवडाभर पोखरत असलेली शंका नजरेतून सुटते.

१८ जून

उलट्या ‘यू’च्या वक्राबद्दल (उत्तेजना वाढते तशी कामगिरी आधी सुधारते, मग बिघडते) मार्गदर्शिकेत काय लिहायचं? १९०८ सालचं यर्क्स आणि डॉडसन यांचं मूळ काम उंदरांवरचं, विजेचे धक्के देऊन फरक ओळखायला शिकवण्याचं. खेळाडूसाठी त्यातून एवढंच घेतलं: उत्तेजनेची योग्य पातळी कामागणिक बदलते. युरी हानिन यांची मांडणी जास्त उपयोगी, की प्रत्येकाचा चांगल्या कामगिरीचा पट्टा स्वतःचा असतो आणि काहींच्या बाबतीत तो चिंतेच्या वरच्या टोकाला असतो. अशा खेळाडूला शांत केलं तर आपणच त्याचा खेळ बिघडवतो.

पट्टा शोधायचा कसा: मागच्या पाच उत्तम आणि पाच वाईट स्पर्धा आठवून, स्पर्धेआधी काय वाटत होतं ते ० ते १० मध्ये लिहायचं. पुढे मात्र आठवणीवर विसंबायचं नाही, प्रत्येक स्पर्धेआधी ताजी नोंद. निकाल कळल्यावर आठवण निकालाकडे झुकते.

२३ जून

कामगिरी ढासळते कशी? दोन वाटा, आणि त्यांचे उपाय उलट आहेत म्हणून गल्लत करून चालत नाही.

पहिली वाट: लक्ष कामावरून उडतं. गुणफलक, शेजारचा प्रतिस्पर्धी, ‘हरलो तर’. फुटबॉलच्या पेनल्टीवरचा विल्सन, वुड आणि वाइन यांचा २००९ चा प्रयोग याचा नमुना. दडपणाखाली मारणारे गोलरक्षकाकडे लवकर आणि जास्त वेळ बघू लागले आणि चेंडू त्याच्याच जवळ जाऊ लागले. ७.३२ मीटर रुंद गोलमध्ये मोकळी जागा कोपऱ्यांत, पण नजर धोक्याला चिकटते आणि पाय नजरेमागे जातो.

दुसरी वाट: लक्ष कामावर जरुरीपेक्षा जास्त बसतं. हजारो वेळा केलेली, हातात मुरलेली हालचाल खेळाडू तुकड्यातुकड्यानं तपासायला लागतो. कोपर कुठे, बोट कसं. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये दाखवलं की नियमांचे शब्द न देता शिकवलेलं कौशल्य दडपणाखाली तुलनेनं कमी मोडतं. म्हणून ऐन स्पर्धेत ‘कोपर खाली, खांदा सैल, श्वास सोड’ अशा सूचनांचा मारा करणारा प्रशिक्षक, मनापासून मदत करत असूनही, दुसऱ्या वाटेवर ढकलत असतो.

ओळखायची खूण: पहिल्या वाटेवर घाई दिसते, प्रयत्नाआधीचा ठरलेला क्रम आखूड होतो. दुसऱ्या वाटेवर रेंगाळणं दिसतं, होल्ड लांबतो, हालचाल ताठर होते. स्टॉपवॉच पुरतं. नेमबाजानं रायफल खांद्याला लावल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ सरावात २० गोळ्यांसाठी नोंदवायचा, स्पर्धेत पुन्हा, आणि दोन्हींची सरासरीच नव्हे तर पसाराही बघायचा.

पहिल्या वाटेला उपाय: नजर. गोळी सुटण्याआधीची शेवटची स्थिर नजर लांबवायची. जोन विकर्स यांनी अभ्यासलेली ही ‘क्वाएट आय’ कुशल खेळाडूंत जास्त लांब असते आणि चिंतेत आखडते. दुसऱ्या वाटेला उपाय: संपूर्ण हालचालीचा अर्थ एका शब्दात. ‘सैल’, ‘सरळ’, काहीही, पण एकच, आणि खेळाडूनं स्वतः निवडलेला.

२४ जून

एक गंभीर पुरवणी. २०२० च्या ऑलिम्पिकमध्ये (ते २०२१ मध्ये झालं) अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिनं व्हॉल्टवर अडीच गिरक्या ठरवल्या होत्या, हवेत दीडच झाल्या. हवेतलं दिशेचं भान जाणं म्हणजे तिथे मानेवर पडण्याचा धोका. तिनं थांबणं हा योग्य निर्णय होता. उंचीवरून उडी, सूर, उलटी कोलांटी असलेल्या खेळांसाठी नियम लिहिला: भान सुटल्याचं खेळाडूनं सांगितलं की त्या दिवशी ती हालचाल बंद. ‘एकदा करून बघ’ म्हणायचं नाही. परत येताना फोमचा खड्डा, कमी गिरक्या, मग एकेक पायरी.

२७ जून

श्वसनाचा सराव. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास. नाकानं, पोट हलेल असं. रोज ५ ते १० मिनिटं, किमान चार आठवडे, आणि त्यानंतरच स्पर्धेत वापर. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा शिकवलेलं तंत्र हा आणखी एक ताण असतो.

नेहमी होणारी चूक: ‘खोल श्वास घे’ ऐकून खेळाडू मोठमोठे श्वास घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, गरगरणं. खेळाडूला वाटतं घबराट वाढली. सूचना बदलली: ‘श्वास लहान, सोडणं लांब.’

नेमबाजासाठी जोड: अर्धवट श्वास सोडून थांबल्यावर ८ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली. दडपणात हाच नियम सर्वात आधी मोडतो, ‘आता सुटेलच’ म्हणत. जास्त रोखलं की नजर धूसर होते आणि होल्ड डुलतो. रायफल खाली घेणं हे अपयश नाही, ते सरावातही मोजून बक्षीस द्यावं असं कौशल्य आहे: दर २० गोळ्यांत किमान दोनदा मुद्दाम सोडून द्यायचं.

धावपटूला मात्र रेषेवर जाण्याआधी पाच मिनिटं हा श्वास नको. तो आदल्या रात्री आणि दुपारी. शेवटच्या दहा मिनिटांत त्याला ३० सेकंद पुरेत आणि मग दोन-तीन जोरदार स्ट्राइड, म्हणजे छोट्या वेगवान धावा.

१ जुलै

१५०० मीटरमधली सर्वात सामान्य हानी नोंदवली: पहिला फेरा. लक्ष्य ४ मिनिटं, म्हणजे दर १०० मीटरला १६ सेकंद, ४०० ला ६४. उत्तेजना चढलेली असताना ६१ सहज वाटतात. ते तीन सेकंद फुकट मिळाल्यासारखे दिसतात, पण स्नायूंतली आम्लता लवकर चढते आणि तिसऱ्या फेऱ्यात हप्त्यानं वसुली होते. उपाय भावनेचा नाही, आकड्याचा: पहिले २०० मीटर ३२ ला, प्रशिक्षक २०० च्या खुणेवर उभे राहून फक्त वेळ सांगतील. सरावात धावपटूनं घड्याळ न बघता २०० मीटर ३२ ला पळायचं, मग अंदाज सांगायचा. उत्तेजित करून, स्पर्धक शेजारी लावून, पुन्हा तेच. अंदाज किती चुकला ते लिहायचं.

४ जुलै

दडपणाखालचा सराव. औदेजान्स आणि पायपर्स यांच्या कामातून दिसतं की सौम्य चिंतेखाली सराव केला तरी पुढे जास्त दडपणात कामगिरी टिकायला मदत होते. म्हणजे सरावाला भीतिदायक करायची गरज नाही.

आठवड्यातून एकदा, मुख्य सरावाच्या शेवटी नाही तर मध्ये. पहिला आठवडा फक्त कॅमेरा. दुसरा: प्रत्येक गोळीला ५० सेकंद, मोठ्यानं उलटी मोजणी. तिसरा: संघातले पाच जण मागे उभे, गुण मोठ्यानं जाहीर. चौथा: दोघांची लढत, हरणाऱ्यानं रेंज आवरायची. शिक्षा म्हणून धावायला लावणं, अपमान, निवडीची धमकी, हे कधीच नाही. तो सराव नाही, तो छळ आहे, आणि त्यातून खेळाडू दुखणं लपवायला शिकतो.

प्रत्येक सत्रानंतर ० ते १० मध्ये चिंता लिहायची. ३ च्या खाली असेल तर प्रसंग खूप सोपा. ८ च्या वर गेली तर पुढच्या वेळी एक पायरी मागे.

८ जुलै

चौथं घड्याळ. हा भाग सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून जागा जास्त देतो.

शरीराला परीक्षेचा ताण, घरातला ताण आणि सरावाचा ताण वेगळे कळत नाहीत. खर्च एकाच थैलीतून होतो. किकोल्ट-ग्लेसर यांच्या १९९५ च्या अभ्यासात आजारी नातेवाइकांची दीर्घकाळ देखभाल करणाऱ्यांच्या त्वचेवरची ३.५ मिलिमीटरची छोटी जखम भरायला इतरांपेक्षा २४ टक्के जास्त वेळ लागला. २०१४ मध्ये स्टल्ट्स-कोलेमायनन आणि सहकाऱ्यांनी जोरदार लेग प्रेसनंतर (पायांनी वजन ढकलण्याच्या व्यायामानंतर) ९६ तास ताकद मोजली. दीर्घ ताणाखालच्यांची भरपाई मंद होती. अँडरसन आणि विल्यम्स यांचं १९८८ चं दुखापतीचं प्रारूप जोडलं की चित्र पुरं होतं: ताणात नजरेचा परीघ आकसतो, स्नायू आवळलेले राहतात, बाजूनं येणारा खेळाडू उशिरा दिसतो.

रोजची नोंद एका मिनिटात संपली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात सगळे अंदाजे भरतात. झोप, ताण, थकवा, स्नायूदुखी. प्रत्येकी १ ते ७, मोठा आकडा वाईट. शिवाय सराव संपल्यावर अर्ध्या तासानं कष्टाचा अंक ० ते १०, गुणिले मिनिटं: ९० मिनिटं आणि ६, म्हणजे ५४० एकक.

बघायचं काय: सराव तोच असताना कष्टाचा अंक चढतोय का. तीच मिनिटं, तोच वेग, पण ५ च्या जागी सलग ७ येत असतील तर थैली दुसरीकडे रिकामी होतेय. अशा वेळी तीव्रता ठेवून संख्या कमी करायची. आठ फेऱ्यांच्या जागी पाच. परीक्षेचं वेळापत्रक सरावाच्या आराखड्यात महिनाभर आधीच मांडायचं. चारही आकडे रोज २-२-२-२ भरणारा खेळाडू निवांत नसतो. बहुतेकदा त्याला भीती असते की खरं लिहिलं तर संघाबाहेर जाईन. म्हणून ठरलं: या नोंदी निवड समितीला दिसणार नाहीत. लेखी.

९ जुलै

झोप, थोडक्यात: आदल्या रात्री नीट झोप न लागणं सर्रास आहे आणि एका रात्रीनं ताकद फारशी जात नाही. हे खेळाडूला आधीच सांगायचं, म्हणजे तो रात्री दोनला घड्याळ बघून घाबरणार नाही. आधीच्या आठवड्याची झोप जपायची.

११ जुलै

औषधं आणि कॅफीन. बीटा ब्लॉकर ठोका मंदावतात, थरथर कमी करतात. म्हणूनच नेमबाजी आणि तिरंदाजीत ती स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची पिस्तूल प्रकारातली दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर सापडल्यामुळे गेली. मायग्रेन किंवा रक्तदाबासाठी ही औषधं दिली जातात, म्हणून प्रत्येक नेमबाजानं डॉक्टरांना खेळ आधी सांगायचा. धावपटूला तर ती उलटीच बाधतात, हृदयगतीचं शिखरच खाली येतं.

कॅफीन: संशोधनातली मात्रा किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, ६० किलोच्या धावपटूला १८० ते ३६०. शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास. आधीच हात थरथरणाऱ्याला वरची मात्रा नकोच, आणि संध्याकाळच्या शर्यतीनंतरची झोपही हिशेबात धरायची.

१५ जुलै

लाल रेषा. व्यायाम करताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी वेगवान धडधड: हे ‘दडपण’ म्हणून सोडायचं नाही, आधी हृदयतपासणी. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर घसा आकसत असू शकतो, सोडताना घरघर असेल तर दमा. दोन्ही घबराट समजून श्वसनाचे धडे देत बसू नये.

मनाच्या बाजूनं, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तपासणी साधनातली पहिली दहा प्रश्नांची पायरी. १७ किंवा जास्त गुण आले की पुढच्या प्रश्नावल्या आणि तज्ज्ञ. जीव नकोसा वाटतो असं उत्तर आलं तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे, सोबत माणूस. बेरजेची वाट बघायची नाही.

१९ जुलै

स्पर्धेच्या दिवसाचे दोन आराखडे. शर्यत संध्याकाळी पाचला: जेवण एकच्या आत, तंतुमय आणि तेलकट कमी. प्रश्नावली चारला. वॉर्म-अप ४.०५ ते ४.३५. मग कॉल रूम, म्हणजे शर्यतीआधी धावपटूंना थांबवतात ती खोली. फोन आणि हेडफोन आत नेता येत नाहीत, म्हणून गाण्यांवर उभारलेली तयारी इथेच तुटते. पहिलं घड्याळ सर्वात जोरात इथे फिरतं आणि अंगही गार पडतं. तिथे करायच्या तीन गोष्टी कागदावर नाही, पाठ: घोट्यांची हालचाल, मुठी पाच सेकंद आवळून सोडणं, पहिल्या २०० मीटरचा आकडा मनात. अंगावरचे कपडे सांगेपर्यंत उतरवायचे नाहीत.

नेमबाजाला ६० गोळ्यांना ७५ मिनिटं आणि त्याआधी तयारी व साईटिंगची (गुण न धरता नेम जुळवण्याच्या गोळ्यांची) १५. साईटिंगच्या गोळ्यांवर मर्यादा नाही, म्हणून घाबरलेला खेळाडू त्या संपवतच नाही. आठ ते बारा, शेवटच्या दोन पूर्ण ठरलेल्या क्रमानं, मग एक मिनिट रायफल टेकवून बसायचं. हातमोजा काढून ट्रिगरचं बोट काखेत धरून ऊब द्यायची. पहिल्या गोळीआधी एकदा मुद्दाम रायफल खांद्याला लावून खाली घ्यायची, आणि पुन्हा उचलायची.